बरा होणं आणि बरा असणं

इंटरव्हल झाला आणि दादा उठला. मला वाटलं वॉशरूमला गेला असेल, पण सिनेमा परत सुरू झाला, एक अख्खं गाणं होऊन गेलं तरी बाजूची खुर्ची रिकामीच. बाहेर येऊन बघितलं तर थिएटरच्या पायऱ्यांवर बसला होता, गुडघ्यात मान घालून. मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ काही बोललाच नाही आणि मग एकदम विचारलं, "ते सगळे सिनेमालाच हसत होते ना?"

इंटरव्हलच्या आधी मेंटल हॉस्पिटलचा एक सीन होता. सिनेमाचं नाव लिहीत नाही कारण असा सीन कितीतरी सिनेमांत आहे, नाव कुठलंही घ्या. हिरो गुंडांपासून लपायला आत शिरतो, आत एकजण डोक्यावर कागदाची टोपी घालून सलाम ठोकतोय, एकजण नसलेली गाडी चालवतोय, एक बाई उशीला बाळ समजून जोजवतेय, आणि अख्खं थिएटर हसून हसून लोळतंय. खरं सांगायचं तर मी पण हसत होते. शेजारी दादा बसलाय हे माहित असून.

दादाला स्किझोफ्रेनिया आहे. तेव्हा निदान होऊन तीनेक वर्षं झाली होती आणि त्याला जे आवाज ऐकू यायचे त्यातला मुख्य आवाज हाच की लोक तुला हसतायत. बस स्टॉपवर हसतायत, टीव्हीतला बातम्यावाला हसतोय, खालच्या मजल्यावरचे हसतायत. आम्ही घरातले रोज त्याला सांगायचो की अरे नाही रे कोणी हसत नाहीये, तुला तसं वाटतंय फक्त, आणि त्या दिवशी मीच त्याला हौसेनं अशा ठिकाणी नेऊन बसवलं जिथे लोक खरोखरच हसत होते, आणि त्याच्यासारख्यालाच हसत होते.

पुढे कधीतरी वाचलं की जगात साधारण दर ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. तेव्हा पहिल्यांदा ते थिएटरच डोळ्यासमोर आलं. तीनशेच्या आसपासच सीट असतील. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत जे मोठं सर्वेक्षण केलं त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता असं निघालं, म्हणजे डिप्रेशन, अँग्झायटी, व्यसन सगळं धरून. तो हिशोब लावला तर त्या अंधारात तीसेक माणसं अशी बसली असतील की ज्यांनी स्वतःचंच हसू होताना बघितलं, आणि त्यातली बरीच नाईलाजानं हसली पण असतील, कारण न हसणारा लगेच उठून दिसतो.

आमच्या घरी वेडाबद्दल जी काही माहिती होती ती सगळी सिनेमातून आलेली. हे मला आता कळतं, तेव्हा ती माहितीच वाटायची. आईचं ठाम मत होतं की माणसाला मोठा धक्का बसला की वेड लागतं आणि तसाच दुसरा धक्का बसला की ते जातं. त्यामुळे दादा बावीसाव्या वर्षी बदलायला लागला तेव्हा आम्ही सगळे तो धक्का शोधत बसलो. आईनं त्याची पुस्तकं झटकून बघितली, कुठे चिठ्ठी सापडते का. मित्रांना बाजूला घेऊन विचारलं, कोण मुलगी होती रे. मुलगी नव्हतीच कोणी. दादाचा आजार इतका हळू आला की आला तेच कळलं नाही, आधी झोप कमी झाली, मग आंघोळ बंद, मग खोलीचं दार बंद, मग खिडकीच्या काचांवर पेपर चिकटवले, आणि आम्ही म्हणत राहिलो की अभ्यासाचं टेन्शन आहे, शेवटचं वर्ष आहे, होईल ठीक. जवळजवळ वर्ष गेलं त्यात. ज्या वर्षात औषधं सुरू व्हायला हवी होती त्या वर्षात आम्ही प्रेमभंग शोधत होतो.

मग आत्या आली आणि म्हणाली, दोनाचे चार हात करून टाका, बायको आली की येईल ताळ्यावर. आत्या दुष्ट नाही, तिचा दादावर फार जीव आहे. पण हे 'बायको आली की' तिच्या डोक्यात कुठून आलं असेल? पिढ्यानपिढ्या लोक हे बोलत आलेत हे खरंच, पण आमच्या पडद्यानं ते किती गोड करून दाखवलंय. १९७० चा 'खिलौना' आठवा. संजीवकुमार वेडा झालाय, म्हणून त्याचे वडील एका तवायफेला, मुमताजला, पैसे देऊन त्याची बायको बनवून घरात आणून ठेवतात. तो तिच्यावर बळजबरी करतो, तिला दिवस जातात, आणि तरी तीच त्याची सेवा करते. आणि शेवटी तो बरा होतो तेव्हा ती कोण हेच त्याला आठवत नाही.

ही शेवटची गोष्ट मला फार छळते. कारण ही एकाच सिनेमातली नाही. त्याच्या आदल्याच वर्षीचा 'खामोशी' घ्या. वहिदा रेहमान नर्स आहे, मोठ्या डॉक्टरांना आपला प्रयोग यशस्वी करायचाय, की पेशंटला आई आणि प्रेयसी दोन्हीचं प्रेम मिळालं तर तो बरा होईल. पहिला पेशंट धर्मेंद्र. बरा होतो आणि निघून जातो, दुसऱ्या मुलीकडे. मग राजेश खन्ना येतो आणि तिला पुन्हा तेच करायला लावतात, तेच हसणं, तेच जवळ बसणं, आणि शेवटी तो बरा होतो आणि ती मनानं कोसळते, ज्या वॉर्डात ती नर्स होती तिथेच तिला भरती करतात. मग १९८३ चा 'सदमा'. कमल हासन श्रीदेवीला लहान मुलासारखं सांभाळतो, ती बरी होते, आणि रेल्वे स्टेशनवर तो माकडचाळे करून करून तिला ओळख पटवायला बघतो तर तिला वाटतं कोणी वेडा भिकारी आहे. गाडी सुटते.

तिन्ही सिनेमांत बरं होणं म्हणजे सांभाळणाऱ्याला विसरणं, नाहीतर मागे सोडून जाणं. मी हे खूप वर्षं नुसतंच रडून बघितलं. आता वाटतं की या सिनेमा करणाऱ्यांना एक फार खरी गोष्ट कळली होती, की सांभाळणाऱ्याचं काम कोणाच्या खात्यात जमा होत नाही, ते दिसत नाही. पण ती गोष्ट त्यांनी प्रेमाच्या गोष्टीत घातली. 'खामोशी'तली राधा कोसळते ती मनात प्रेम बसलं म्हणून, तिला कोणी रजा दिली नाही म्हणून नाही. तिला दुसरी केस घ्यायची नव्हती, तिनं तसं सांगितलं पण होतं, तरी तिच्यावर ती टाकली गेली. माझ्यासाठी तो सिनेमा तिथेच आहे, त्या 'तरी'मध्ये.

आणि दुसरं म्हणजे बरं होणं. मराठीत 'बरा' हा शब्द किती साधा आहे बघा. ताप उतरला की माणूस बरा होतो, आणि कोणी विचारलं कसा आहेस तर आपण म्हणतो, बरा आहे. सिनेमात फक्त पहिला 'बरा' असतो. एक किंकाळी, डोक्याला मार, जुनं गाणं, डोळे उघडतात, "मैं कहाँ हूँ", झालं. आमच्या घरात फक्त दुसरा आहे. दादा बरा आहे. म्हणजे आज जेवला, आज खाली जाऊन पेपर घेऊन आला, आज आवाज आहेत पण लांब आहेत असं स्वतःहून म्हणाला. हा 'बरा' मिळायला आम्हाला नऊ वर्षं लागली आणि तो रोज सकाळी नव्यानं मिळवावा लागतो.

सकाळ म्हणजे काय ते सांगते, कारण हे कुठल्या सिनेमात मी बघितलेलं नाही. सकाळी उठल्यावर पहिलं काम उशीचा अभ्रा बदलणं. दादा क्लोझापिन घेतो, त्या गोळीनं झोपेत लाळ गळते, उशी ओली होते, आणि तो स्वतः इतका टापटिपीचा माणूस होता एकेकाळी की ओला अभ्रा त्याच्या नजरेला पडू नये असं आईला वाटतं. म्हणून तो दात घासायला गेला की ती पटकन बदलते. मग गोळी. सुरुवातीची काही वर्षं तो गोळी जिभेखाली किंवा गालात ठेवायचा आणि नंतर बेसिनमध्ये थुंकायचा, म्हणून आई म्हणायची "आ कर", आणि तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा माणूस आ करायचा, आणि दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे नाहीत. मग रक्ताची तपासणी. या गोळीनं कधीकधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त द्यावं लागतं, नंतर महिन्याला. मग वजन. मग भूक, दुपारी तीनला पुन्हा, रात्री अकराला पुन्हा, आणि "आत्ताच तर जेवलास" हे तोंडावर आलेलं गिळायचं, कारण ती भूक त्याची नाही, गोळीची आहे. याच्यात क्लायमॅक्स कुठे आहे? सिनेमावाले म्हणतील याच्यात काही घडतच नाही. पण याच्यात जर एक दिवस चुकला, एक आठवडा चुकला, तर काय घडतं ते आम्ही बघितलंय.

शॉकची गोष्ट तर मला नीट लिहायचीच आहे.

दादाचा एक काळ असा होता की तो बोलायचा बंद झाला, खायचा बंद झाला, हात जसा ठेवला तसा राहायचा. डॉक्टर म्हणाले इसीटी देऊ या. आईनं विचारलं म्हणजे काय, ते म्हणाले ज्याला लोक शॉक म्हणतात ते, आणि आई खुर्चीवरून उठलीच. "माझ्या लेकराला करंट देणार तुम्ही?" तिच्या डोळ्यासमोर काय होतं ते मला माहित होतं कारण माझ्याही डोळ्यासमोर तेच होतं. चामड्याचे पट्टे, दातात बोळा, ठिणग्या, आणि खलनायक डॉक्टर हसतोय. आमच्या सिनेमात शॉक हा उपचार नसतोच, ती शिक्षा असते, कोणाची तरी जमीन हडपायचीय, कोणाचं तरी तोंड बंद करायचंय, म्हणून त्याला वेडा ठरवून आत टाकायचं. 'दामिनी'त बघा, १९९३ चा सिनेमा, बाई खरं बोलते म्हणून तिला मेंटल हॉस्पिटलात पाठवतात. आता हे होत नाही असं मी म्हणणार नाही. बायकांना वेडं ठरवून घराबाहेर काढणं खरोखर झालंय, होतं, आणि तो सिनेमा ते दाखवतो हे बरोबरच आहे. पण शंभरातल्या शंभर वेळा पडद्यावर हॉस्पिटल म्हणजे तुरुंगच दिसलं तर ज्याच्या घरात खरंच आजारी माणूस आहे त्यानं जायचं कुठे?

आईनं नाही म्हटलं. चार महिने नाही म्हटलं. त्या चार महिन्यांत दादाचं वजन इतकं उतरलं की शेवटी नळीनं अन्न द्यायची वेळ आली, तेव्हा बाबांनी सही केली आणि आई त्यांच्याशी कित्येक दिवस धड बोलली नाही.

आणि मग आम्ही बघितलं. म्हणजे आत बघू देत नाहीत, पण सकाळी उपाशीपोटी न्यायचं, हाताला सुई, भूल देतात, शरीर सैल पडायचं औषध देतात, नाकावर ऑक्सिजन, आणि प्रत्यक्ष करंट काही सेकंदांचा. त्यानं मेंदूत एक फिट येते, ती मिनिटभराच्या आतबाहेर संपते, आणि अंगाला फारसं काही जाणवतही नाही कारण स्नायू सैल केलेले असतात. अर्ध्या तासानं दादा बाहेर कॉटवर होता, गुंगीत. डोकं दुखत होतं. पाचव्या वेळेनंतर त्यानं स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास उचलला. आठ झाले एकूण. त्या दिवसांतलं बरंच त्याला आठवत नाही, मागचे काही आठवडेही पुसले गेलेत, हे मी लपवत नाही, त्याला त्याचं वाईट वाटतं अधूनमधून. पण तो ग्लास आईला अजून आठवतो.

हा उपचार १९३८ मध्ये रोममध्ये पहिल्यांदा झाला तेव्हा भूल नव्हती, त्यामुळे सिनेमातलं चित्र अगदीच हवेतून आलेलं नाही. बिनभुलीचा शॉक आपल्याकडेही खूप वर्षं दिला जात होता. पण आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय इसीटी देता येणार नाही, आणि साखळीनं बांधता तर कोणालाच येणार नाही. कायदा बदलला. पडद्यावरचा पट्टा मात्र अजून सुटायचाय.

दुसरं भय शेजाऱ्यांचं. सिनेमातला खुनी बहुतेकदा 'सायको' असतो, हा शब्दच आता तसा झालाय, कॉलेजातली मुलं एकमेकांना सहज म्हणतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू दादाच्या आजाराचं कळल्यावर लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर जाईनाशा झाल्या. दादानं आयुष्यात कोणावर हात उगारला नाही. उलट त्यानंच मार खाल्लाय, एकदा रात्री भटकताना चोर समजून लोकांनी मारलं, भुवईवर अजून खूण आहे. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, हे डॉक्टर सांगून थकले. पण असा माणूस मार खातोय हे दाखवून कुठला थ्रिलर बनणार?

आणि 'एका शरीरात दोन माणसं' हा तर फारच आवडता प्रकार. २००७ च्या 'भूल भुलैया'त भुताखेताचं खूळ बाजूला सारून सायकिअ‍ॅट्रिस्ट येतो, ते बघून मला सुरुवातीला इतका आनंद झाला होता. पण तो पण शेवटी एक नाटक रचतो, खोट्या पुतळ्याचा वध होतो, आणि विद्या बालन एका रात्रीत पूर्ण बरी. मांत्रिकाच्या जागी डॉक्टर आला एवढंच, उतारा तोच राहिला. त्यानंतर कितीतरी जणांनी मला विचारलंय, "तुझ्या दादाचं पण तसंच का, अचानक दुसराच होतो का तो?" नाही हो. तो वेगळा प्रकार, हा वेगळा. यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, आणि ते ऐकणाऱ्याला वाटतं मनाचे दोन तुकडे. दादाचं मन एकच आहे, तेच आहे, त्याच्यावर फक्त सतत एक गोंगाट सुरू असतो ज्याचं बटन त्याच्याकडे नाही.

बाहेरच्यांचं सोडा, 'अ ब्युटिफुल माइंड' हा २००१ चा सिनेमा मला डॉक्टरांनीच बघायला सांगितला होता आणि मला तो आवडलाही होता. जॉन नॅश, गणितज्ञ, स्किझोफ्रेनिया, नोबेल, आणि शेवटपर्यंत साथ देणारी बायको अ‍ॅलिशिया. तेव्हा मी किती प्रयत्न केला अ‍ॅलिशियासारखं व्हायचा. नंतर कळलं की खऱ्या अ‍ॅलिशियानं १९६३ मध्ये घटस्फोट घेतला होता. सिनेमात तो नाहीच. आणि मग १९७० मध्ये, घटस्फोट झालेला असूनही, तिनं त्याला परत आपल्या घरात राहायला जागा दिली, भाडेकरूसारखी, आणि २००१ मध्ये, म्हणजे तीसेक वर्षांनी, दोघांनी पुन्हा लग्न केलं. मला हे वाचून जे वाटलं ते सिनेमा बघून वाटलं नव्हतं. ती थकली होती, तिनं सोडलं होतं, आणि नंतर तिनं स्वतःच्या अटीवर दार उघडलं. ही केवढी मोठी गोष्ट आहे! हीच का कापली? सांभाळणारी मध्येच थकली, निघून गेली, असं दाखवलं तर प्रेम कमी पडलं असं वाटेल म्हणून?

कारण सिनेमातली सांभाळणारी बाई कधी चिडत नाही. रडते, देवापुढे बसते, डोक्यावरून हात फिरवते, पण चिडत नाही. मी चिडले आहे. एकदा रात्री तीन वाजता दादानं घरातले सगळे बल्ब काढायला घेतले, त्यात कॅमेरे आहेत म्हणून, आणि माझी सकाळी परीक्षा होती, आणि मी ओरडले, "तू नसतास तर आम्ही सुखानं जगलो असतो." तो थांबला. हातातला बल्ब त्यानं नीट टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी आईला विचारत होता, "मी कुठे जाऊ सांग ना." या गोष्टीला खूप वर्षं झाली आणि हे मी पहिल्यांदा लिहितेय.

स्वमदत गटात जायला लागल्यावर कळलं की हे वाक्य त्या खोलीतल्या प्रत्येकानं कधी ना कधी म्हटलंय किंवा मनात आणलंय. या गटांमध्ये आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जरा जड वाटला शब्द, आता तोंडात बसलाय. तिथेच जॉर्ज ब्राउन या ब्रिटिश संशोधकाबद्दल पहिल्यांदा ऐकलं. हॉस्पिटलमधून घरी गेलेले पेशंट परत का आजारी पडतात हे त्यानं लंडनमध्ये पन्नास-साठच्या दशकांत शोधायला घेतलं, आणि असं दिसलं की ज्या घरात सतत टीका होते, राग राग होतो, किंवा घरातलं कोणी त्या माणसात जरुरीपेक्षा जास्त गुंतलेलं असतं, तिथे आजार उलटायचं प्रमाण जास्त. घरच्यांमुळे आजार होतो असं नाही हां, ते फार महत्त्वाचं, आईला मी दहा वेळा ते समजावलंय. पण राग आणि टीका तर समजू शकते, तिसरी गोष्ट ऐकून मी सुन्न झाले. जरुरीपेक्षा जास्त गुंतणं. म्हणजे स्वतःचं सगळं सोडून चोवीस तास त्याच्याच भोवती असणारी माउली, जिला सिनेमा हात जोडतो, ती पण त्या माणसाला जड जाते. त्या संध्याकाळी आईनं कित्येक वर्षांनी भजनी मंडळाच्या मैत्रिणीला फोन केला.

'देवराई' मी तिथेच पाहिला, गटातल्या लोकांबरोबर, पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टर लावून. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा सिनेमा. तो निघाला त्यामागे कॅनडात स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी होते, त्यांच्या पत्नीला हाच आजार, आणि पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं कामही त्यांनीच उभं केलं. म्हणजे हा सिनेमा शुभंकराच्या घरातून आलाय, आणि ते कळतं. अतुल कुलकर्णीचा शेष बघताना दादाचे हात आठवतात, ते बोटांचं चाळवणं, ते बोलता बोलता वाक्य मध्येच सोडून देणं. पण माझं लक्ष सगळं सोनाली कुलकर्णीनं केलेल्या सीना या पात्रावर. ती बहीण आहे. तिचा संसार आहे, त्यात तिनं भावाला आणलंय, आणि तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी माया पण आहे आणि आता हे कसं निभवायचं याची भीती पण. ती हसता हसता घड्याळ बघते तशी मी किती वेळा बघितलंय. सिनेमा संपल्यावर दिवे लागले तर कोणी उठेना. एक आजोबा, त्यांचा मुलगा चाळीसच्या पुढचा, नुसते म्हणाले, "असंच असतं."

पुढच्याच वर्षी अपर्णा सेनचा '१५ पार्क अ‍ॅव्हेन्यू' आला होता, मी तो फार उशिरा पाहिला. त्यात कोंकणाला स्किझोफ्रेनिया, तिला सांभाळते ती मोठी सावत्र बहीण, शबाना, फिजिक्सची प्रोफेसर, आणि म्हातारी आई कोण, तर वहिदा रेहमान. मी ते नाव पडद्यावर वाचलं आणि मला एकदम 'खामोशी'तली राधा दिसली. ३६ वर्षांनी परत त्याच घरात. यातली शबाना चिडते. कडक बोलते, स्वतःच्या मनातला माणूस मागे ठेवते आणि त्याबद्दल कोणी तिची पूजा करत नाही. बघताना मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी मला ओळखतं.

आणि 'अस्तु'. त्यातला आजार वेगळा, अल्झायमर, डॉ. मोहन आगाशे संस्कृतचे पंडित, हत्तीच्या मागे चालत चालत हरवतात. त्यांना सापडते ती माहुताची बायको चन्नम्मा, अमृता सुभाष. तिला आजाराचं नाव माहित नाही, तिला ते कळवून घ्यायचंही नाही. म्हातारा लहान मूल झालाय एवढं तिला दिसतं, मग ती आईसारखं करते, बस. तिकडे मुलगी शहरभर शोधतेय, तिचं शिक्षण, तिची अपराधी भावना, तिची दमणूक. मला ते दोन्ही बघून फार बरं वाटलं आणि एक शंकाही आली, की चन्नम्माला तो म्हातारा एक दिवस सांभाळायचाय, मुलीला रोज. एक दिवसाची माया आणि रोजची माया यांना एका मापानं मोजू नये. सिनेमानं ते मोजलं नाही असं मला वाटतं, बघणारे मोजतात.

स्वमदत गटात सगळ्यात शेवटी, चहा झाल्यावर, चपला घालता घालता जो प्रश्न येतो तो मात्र मी कुठल्याच पडद्यावर बघितला नाही. आमच्यानंतर काय? चाळीस-पंचेचाळीस वर्षांची मुलं, पंचाहत्तरीचे आईबाप. सिनेमातला आजारी माणूस नेहमी तरुणच असतो. त्याला पन्नाशी येत नाही, त्याचे केस पांढरे होत नाहीत, त्याच्या आईला मोतीबिंदू होत नाही.

बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. आई आता जिने चढताना थांबते. मागच्या महिन्यात तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून एक वही दिली, शाळेतली दोनशेपानी, वर दादाचं नाव. मला वाटलं फाईल आहे औषधांची. आत तिच्या तिरक्या अक्षरात सगळं लिहिलेलं, एका खाली एक, मधूनच पेन बदललेलं, म्हणजे खूप दिवस लिहित असणार.

"झोप दोन तासांवर आली आणि पहाटे उठून कपाट लावायला लागला की समज. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. थांबू नको."

"गोळी हातात द्यावी. वाटीत ठेवू नये, त्याला आवडत नाही."

"आ कर म्हणू नये आता. तो घेतो."

"रक्त दर महिन्याला. डावा हात."

"आवाजांबद्दल विचारलं तर सांगतो. रोज विचारू नये."

"बल्ब गेला तर त्याच्यासमोर बदलावा."

मी तिथे थांबले थोडा वेळ. म्हणजे आईला त्या रात्रीचं सगळं आठवतं.

शेवटच्या पानाच्या आधी एक ओळ होती, "सिनेमाला नेऊ नये." ती नीट पट्टी धरून खोडलेली. त्याखाली दुसऱ्या पेनानं लिहिलंय, "कडेची सीट घ्यावी. उठून गेला तर दहा मिनिटं वाट बघावी, मग जावं."